मोंते कासिनोचा मठ पाहायला जाताना

रोमहून नेपल्सकडे जाणाऱ्या साध्या रेल्वेगाडीत बसलात तर डाव्या बाजूची खिडकी धरा. दीड-दोन तासांनी कासिनो स्टेशन जवळ आले की डोंगरमाथ्यावर एक लांबलचक पांढरी वास्तू दिसू लागते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो किल्लाच वाटतो. पण तो मठ आहे. इ.स. 529 च्या सुमारास संत बेनेडिक्ट यांनी तो उभारला आणि पुढे युरोपभर पसरलेल्या बेनेडिक्टाइन संन्याशांचे ते मूळ पीठ ठरले.

आपल्याकडचे बहुतेक प्रवासी रोमहून थेट पाँपेईला जातात आणि मधले हे स्टेशन मागे टाकतात. त्यांनी इथे उतरावे आणि पूर्ण दिवस द्यावा, म्हणून हे लिहितो आहे. दिवसाचा क्रम असा ठेवा: सकाळी वर मठ, दुपारी त्याच डोंगरावरची पोलिश दफनभूमी, संध्याकाळी खाली गावातली राष्ट्रकुल सैनिकांची, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांच्या सैनिकांची, दफनभूमी. शेवटचे ठिकाण सहलींच्या कार्यक्रमात सहसा नसते. मराठी माणसाने मात्र ते चुकवू नये. कारण शेवटी येईलच.

घरून निघण्याआधी

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, त्याची तयारी वेळेत करा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि दुपारी चढावर चालणे नकोसे होते. हिवाळ्यात डोंगर ढगात बुडाला तर वरून दरी दिसत नाही, पण गर्दीही नसते.

तीन-चार तारखा लक्षात ठेवा. 10 फेब्रुवारी हा बेनेडिक्ट यांची बहीण संत स्कोलास्टिका यांचा सण, 21 मार्च आणि 11 जुलै हे संत बेनेडिक्ट यांचे. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, या डोंगरासाठी जर्मन सैन्य आणि दोस्त राष्ट्रे यांच्यात मोठी लढाई झाली; तिच्या स्मरणार्थ 18 मे रोजी पोलंडहून लोक येतात. या दिवशी सोहळा पाहायचा असेल तर जरूर जा, शांतपणे मठ पाहायचा असेल तर टाळा. रविवारी सकाळी मिस्सा म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना असते, तेव्हा बॅसिलिकेत म्हणजे मठाच्या मुख्य चर्चमध्ये फिरता येत नाही. उघडण्या-मिटण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. त्या मठाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहून घ्या.

कपड्यांचा नियम साधा आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बॅगेत एक ओढणी किंवा उपरणे असले की काम भागते. आपल्या सवयीमुळे दोन ठिकाणी गडबड होते. चर्चमध्ये पादत्राणे काढायची नसतात. आणि पुरुषांनी आत शिरताना टोपी काढायची असते. आपल्याकडे डोके झाकणे आदराचे, तिथे उघडे करणे आदराचे.

आणखी एक काम घरूनच करून जा. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर सैनिकाचे नाव घालून शोध घेता येतो. तुमच्या गावचा किंवा घराण्यातला कोणी दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेला असेल आणि परत आला नसेल, तर त्याचे नाव कोणत्या दफनभूमीत, कोणत्या रांगेत किंवा कोणत्या फलकावर आहे ते तिथे मिळते. ते कागदावर लिहून घ्या. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या, रायगड-रत्नागिरीकडच्या किती घरांत अशी माणसे होती, हे त्या घरांनाच ठाऊक.

पोहोचायचे कसे

रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून कासिनोला थेट प्रादेशिक गाड्या आहेत. नेपल्सहूनही कासेर्तामार्गे येता येते. प्रादेशिक गाडीचे भाडे ठरलेले असते, महिनाभर आधी आरक्षण केले म्हणून ते स्वस्त होत नाही. कागदी तिकीट काढले असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. हे विसरलात तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

गाव सपाटीवर आहे आणि मठ समुद्रसपाटीपासून 520 मीटर उंचीवर. मधला वळणावळणांचा रस्ता साधारण 9 किलोमीटरचा. मठावर जाणाऱ्या बसच्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच असतात, म्हणून स्टेशनवर उतरताच आधी परतीच्या बसची वेळ पाहा, मग जायची. बसची तिकिटे बहुधा तबाक्की म्हणजे तंबाखू-वर्तमानपत्राच्या दुकानात मिळतात. चौघे असाल तर टॅक्सी परवडते. भाडे आधी ठरवा आणि परत न्यायला कधी यायचे तेही बोलून घ्या. चालत चढण्याची हौस असेल तर थंडीच्या दिवसांत पुरवा. चढताना वाटेत रोक्का यानुला नावाचा पडका-डागडुजी केलेला किल्ला लागतो. त्याच्याभोवती मार्च 1944 मध्ये राजपुताना रायफल्सचे जवान लढले होते.

गाडीत वाचायचा इतिहास

बेनेडिक्ट यांचा जन्म इ.स. 480 च्या सुमारास नोर्सियाचा. रोममध्ये शिकायला गेले, तिथले जगणे रुचले नाही, मग सुबियाकोच्या गुहेत एकटे राहिले. पुढे शिष्य जमले आणि ते कासिनोच्या या डोंगरावर आले. इथे तेव्हा अपोलोचे देऊळ होते. याच जागी त्यांनी मठ बांधला आणि आपली नियमावली लिहिली. तिची 73 प्रकरणे आहेत. प्रार्थना केव्हा करायची, किती जेवायचे, अंथरूण कसे असावे, चुकलेल्याला कसे वागवायचे, दारावर कोण बसवायचा, सगळे त्यात आहे. आठवड्याभरात बायबलमधली 150 स्तोत्रे म्हणून पूर्ण व्हावीत असा दंडक आहे. 53 वे प्रकरण पाहुण्यांबद्दल आहे: येणाऱ्या प्रत्येकाला ख्रिस्तच आला असे समजून घरात घ्यावे. ‘अतिथी देवो भव’ ऐकत वाढलेल्या आपल्याला ते सांगावे लागत नाही. बेनेडिक्टाइन म्हटले की ‘ओरा एत लाबोरा’, म्हणजे ‘प्रार्थना करा आणि श्रम करा’, हे वचन हमखास ऐकवले जाते. ते नंतरच्या काळातले आहे, नियमावलीत ते शब्द नाहीत. अर्थ मात्र तिच्यातूनच आलेला.

हा मठ चार वेळा जमीनदोस्त झाला. सहाव्या शतकात लाँबार्ड टोळ्यांनी उद्ध्वस्त केला, 883 मध्ये अरब हल्लेखोरांनी जाळला, 1349 मध्ये भूकंपाने पाडला आणि 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बॉम्बखाली गाडला. दर वेळी पुन्हा उभा राहिला. मठाचे लॅटिन बोधवाक्य ‘सुक्किसा विरेस्कित’ असे आहे: तोडले तरी पालवी फुटते.

मठाच्या आत

प्रवेशद्वारावर ‘पाक्स’ ही तीन अक्षरे दिसतील. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शांती. आत गेल्यावर जुन्या वाड्याचे चौक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे रचना लगेच कळते. एकापुढे एक तीन चौक आहेत आणि त्यांच्यापुढे, सर्वांत उंचावर, बॅसिलिका.

पहिल्या चौकात ब्राँझचा एक पुतळ्यांचा समूह आहे. मरणाच्या क्षणी बेनेडिक्ट उभे आहेत, हात आकाशाकडे, आणि दोन्ही बाजूंनी शिष्यांनी त्यांना सावरून धरले आहे. उभ्याने प्रार्थना करत त्यांनी देह ठेवला, अशी परंपरा आहे. हे शिल्प पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांनी भेट दिले. लढाईत या डोंगराच्या एका बाजूला जर्मन सैन्य होते हे ठाऊक असले की या भेटीपुढे पाय थोडे जास्त थांबतात.

दुसरा चौक 1595 चा, ब्रामान्ते या वास्तुकाराच्या नावाने ओळखला जातो. मधोमध विहिरीसारखे पाण्याचे कुंड, बाजूला खांब. वरच्या पायऱ्या सुरू होतात तिथे एका बाजूला बेनेडिक्ट आणि दुसऱ्या बाजूला त्यांची बहीण स्कोलास्टिका यांचे पुतळे आहेत. बेनेडिक्ट यांचा पुतळा अठराव्या शतकातला, तो बॉम्बमधून वाचला. बहिणीचा फुटला, आज दिसतो तो नवा. इथूनच सज्ज्यावर जा. खाली लीरी नदीची अख्खी दरी पसरलेली दिसते, रोमकडे जाणारा रस्ता तिच्यातूनच गेला आहे. या दरीसाठी चार महिने माणसे का मरत राहिली ते नकाशा न उघडता समजते: जो या माथ्यावर, त्याला खालचा प्रत्येक ट्रक दिसतो. दहा मिनिटे तरी इथे उभे राहा.

पायऱ्या चढून तिसऱ्या चौकात या. मठाला साहाय्य करणाऱ्या पोप आणि राजांचे पुतळे इथे रांगेने आहेत. ते भरभर पाहिले तरी चालतील. बॅसिलिकेच्या मधल्या दाराला मात्र भरभर ओलांडू नका. ब्राँझचे हे दार मठाधिपती देसिदेरिउस यांनी 1066 मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतवून आणले. त्यांनी बांधलेली बॅसिलिका 1071 मध्ये पोपच्या हस्ते पवित्र केली गेली. ती इमारत राहिली नाही, दाराचा धातू राहिला.

आत शिरल्यावर रंगीत संगमरवर आणि सोनेरी नक्षी पाहून हे सतराव्या-अठराव्या शतकातले असेल असे वाटते. ते सगळे 1944 नंतरचे आहे. ‘होते तिथे, होते तसे’ या निश्चयाने मठाधिपती इल्देफोन्सो रेआ यांनी पुन्हा बांधून घेतले आणि 24 ऑक्टोबर 1964 रोजी पोप पॉल सहावे यांनी ते पवित्र केले. त्याच दिवशी त्यांनी बेनेडिक्ट यांना युरोपचे पालक संत घोषित केले. काही जण हे कळताच ‘म्हणजे नक्कलच’ म्हणून नाराज होतात. मला तसे वाटत नाही. ज्यांना तिथे रोज प्रार्थना करायची होती त्यांनी आपले घर पुन्हा बांधले. जिथे जुनी चित्रे गेली तिथे ती जुनी असल्याचे सोंग आणलेले नाही: प्रवेशदाराच्या आतल्या भिंतीवरचे मोठे भित्तिचित्र विसाव्या शतकातल्या पिएत्रो आनिगोनी या चित्रकाराचे आहे.

मुख्य वेदीपाशी बेनेडिक्ट आणि स्कोलास्टिका या भावंडांची समाधी आहे. त्यांची गोष्ट पोप पहिले ग्रेगरी यांनी लिहून ठेवली आहे. दोघे वर्षातून एकदा भेटत. शेवटच्या भेटीत बहीण म्हणाली, रात्रभर थांब, देवाबद्दल बोलू. भाऊ म्हणाला, नियमात बसत नाही. बहिणीने मान खाली घालून प्रार्थना केली आणि असा पाऊस कोसळला की भावाला पाऊल बाहेर टाकता येईना. तीन दिवसांनी ती गेली. ग्रेगरी म्हणतात, तिचे चालले, कारण तिचे प्रेम जास्त होते. ताटी लावून बसलेल्या भावाला उठवणारी मुक्ताई आपल्या माहितीची आहे. ही गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही.

वेदीखालच्या तळघरातल्या प्रार्थनागृहात जरूर उतरा. निळ्या-सोनेरी मोझाइकने भिंती आणि छत भरलेले आहे. जर्मनीतल्या बोयरोन मठाच्या संन्यासी-कलावंतांचे हे काम 1913 मध्ये पूर्ण झाले. वरचे सारे कोसळले तेव्हाही हा भाग बराचसा टिकला.

संग्रहालयाला तासभर द्या. लोक दमून ते सोडतात, पण मठाचे खरे धन हस्तलिखितांत आहे. मध्ययुगात इथे बसून संन्याशांनी नकला केल्या म्हणून कितीतरी लॅटिन ग्रंथ आज हातात आहेत. अकराव्या शतकात कॉन्स्टँटाइन आफ्रिकानुस यांनी अरबी वैद्यकग्रंथांची लॅटिन भाषांतरे इथेच केली. आपल्याला सर्वांत जवळचा वाटेल तो 960 चा एक न्यायालयीन कागद. जमिनीचा वाद होता. निवाडा लॅटिनमध्ये लिहिला, पण साक्षीदाराचे बोलणे त्याच्याच तोंडच्या भाषेत उतरवले: या जमिनी या या हद्दींपर्यंत तीस वर्षे संत बेनेडिक्टाच्या मठाकडे होत्या, हे मला ठाऊक आहे. बोलीभाषेतल्या इटालियनचा हा सर्वांत जुना पुरावा मानला जातो. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली मराठी ओळ ज्यांनी बोट फिरवून वाचली आहे, त्यांना या कागदाचे मोल सांगायला नको.

युद्धात हे धन वाचले कसे, हाही प्रश्न पडेल. 1943 च्या शरदात युलिउस श्लेगेल आणि माक्सिमिलिआन बेकर या जर्मन सैन्यातल्या दोन अधिकाऱ्यांनी मठाधिपतींना राजी करून ग्रंथ आणि कलावस्तू ट्रकांतून रोमकडे हलवल्या.

फिरताना हळू बोला, फोन बंद ठेवा, प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका. इथे संन्यासी आजही राहतात. दोरी किंवा फाटक लावलेला भाग त्यांच्या घराचा समजा. सायंप्रार्थनेची वेळ जुळली तर मागच्या बाकावर गुपचूप बसा. तुम्ही ख्रिस्ती असण्याची गरज नाही. वसईकडचे आपले कॅथलिक वाचक हे सारे जाणतातच, पण ज्यांनी कधी मिस्सा पाहिली नाही त्यांच्यासाठी एक सूचना: सगळे उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा, प्रसादाची भाकर घ्यायला मात्र रांगेत जाऊ नका. ती फक्त दीक्षित कॅथलिकांसाठी असते.

मठाबाहेर, त्याच डोंगरावर

बाहेर पडल्यावर समोरच्या उतारावर पोलिश दफनभूमी दिसते. चालत दहा-पंधरा मिनिटे. हजाराहून जास्त कबरी अर्धवर्तुळात आहेत. क्रूसांबरोबर ज्यू सैनिकांच्या कबरींवर डेव्हिडचा ताराही दिसेल. 18 मे 1944 रोजी मठाच्या ढिगाऱ्यावर आधी पोलिश सैनिकांचा झेंडा लागला. त्यांचे सेनापती व्लादिस्लाव आंदेर्स 1970 मध्ये लंडनला वारले, पण त्यांनाही इथे आपल्या माणसांत आणून पुरले.

वरच्या बाजूला स्मारकस्तंभ असलेली टेकडी आहे, लष्करी नकाशातली 593. पोलिशांच्या आधी, फेब्रुवारी 1944 मध्ये, त्या टेकडीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनने हल्ले केले. राजपुताना रायफल्सच्या जवानांनी उघड्या खडकावर फार मोठी किंमत मोजली. मठाच्या खालच्या बाजूला ‘फाशीचे टेकाड’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा आहे. फाशीच्या खांबासारख्या दिसणाऱ्या रोपवेच्या मोडक्या खांबामुळे त्याला ते नाव पडले. मार्चमध्ये नवव्या गुरखा रायफल्सची पलटण तिथे आठवड्याहून जास्त काळ तगून राहिली. वरून मठ तिच्या डोक्यावरच होता.

मठावर बॉम्ब टाका, ही मागणी याच चौथ्या डिव्हिजनचे ब्रिटिश सेनापती फ्रान्सिस टकर यांच्याकडून सुरू झाली होती. आपल्या माणसांना कोणत्या भिंतींवर पाठवायचे आहे हे कळावे म्हणून त्यांनी नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानांतून मठाच्या बांधणीवरचे 1879 चे पुस्तक शोधून आणले होते. बॉम्ब पडले तेव्हा आत आसऱ्याला आलेले इटालियन नागरिक मेले. जर्मन सैन्य आत नव्हते, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. ढिगारा झाल्यावर मात्र त्यांचे छत्रीधारी सैनिक त्यात दबा धरून बसले आणि लढाई आणखी तीन महिने लांबली. हे सगळे त्या उतारावर उभे राहून आठवावे.

जेवण

वर खाण्याची सोय बेताची. दुपारचे जेवण गावात उतरून करायचे असेल तर अडीचच्या आत पोहोचा, नंतर स्वयंपाकघरे मिटतात. शाकाहारी लोकांनी ‘सेंझा कार्ने, सेंझा पेश्शे’ म्हणजे मांस-मासे नको, असे सांगावे. टोमॅटोचा पास्ता आणि मार्गेरिता पिझ्झा कुठेही मिळतो. कांदा-लसूण टाळणाऱ्यांनी त्यापुढे ‘सेंझा आल्यो ए चिपोल्ला’ जोडावे. तरी सोबत दशम्या किंवा खाकरे असलेले बरे.

शेवटी खालची दफनभूमी

स्टेशनपासून साधारण एक किलोमीटरवर, सांत’आंजेलो रस्त्याला, राष्ट्रकुल सैनिकांची दफनभूमी आहे. 4,271 कबरी आहेत, त्यातल्या 289 जणांची नावे कळलेली नाहीत. पांढऱ्या दगडांच्या रांगा, आणि मागे डोंगरावर सकाळी पाहिलेला मठ. मधोमध हिरवट संगमरवराचे उंच फलक आहेत. ज्यांची कबरच नाही अशा चार हजारांहून जास्त सैनिकांची नावे त्यांवर कोरली आहेत.

या नावांत नाईक यशवंत घाडगे यांचे नाव आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले, वय 22. ते कासिनोला पडले नाहीत. इथून बरेच उत्तरेला, वरच्या तिबेर खोऱ्यात, 10 जुलै 1944 रोजी पडले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा घायाळ झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि नवे मॅगझिन भरायला वेळ नाही म्हणून बंदुकीची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर नसल्यामुळे नाव इथे. ते पडले त्या भागातल्या मोंतोने गावाने 2023 मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. हाताशी आणखी दिवस असतील तर तिथेही जाऊन या.

नाव शोधताना घाई होते, म्हणून क्रम सांगतो. फलकांवर नावे आधी रेजिमेंटप्रमाणे, मग हुद्द्याप्रमाणे लावलेली असतात. घरून लिहून आणलेला फलक क्रमांक पाहा. ‘मराठा’ हा शब्द जुन्या इंग्रजी धाटणीने, ‘आर’च्या आधी ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ घालून कोरलेला आहे, त्याने गोंधळू नका. आडनावांची स्पेलिंगेही त्या वेळच्या कारकुनाने ऐकली तशी आहेत. एकदा आपली रेजिमेंट सापडली की घाडग्यांच्या वर-खाली ओळखीची आडनावे दिसत जातात. ती मोठ्याने वाचा. त्या आवारात मराठी क्वचितच ऐकू येते.

फूल ठेवायचे असेल तर एखादे साधे ठेवा. दिवा-उदबत्ती लावू नका, हळद-कुंकू दगडावर वाहू नका, डाग पडतात. फाटकापाशी भेटवही असते, तिच्यात देवनागरीत लिहा, गावाचे नावही लिहा.

स्टेशनवर परतायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. रोमच्या गाडीत या वेळी उजवी खिडकी धरा.